गाळ खाली बसतो, पण कुठला?

पहिल्या मोठ्या सरीनंतर रस्त्यावरून वाहणारं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी जाते. मग मातकट थर सावकाश जमू लागतो. पण वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतो आणि विद्यार्थ्यांना दर पावसाळ्यात हा प्रयोग करायला लावतो. पावसाचं पाणी नदीत सोडण्याआधी स्वच्छ करायचं, तर खरी अडचण कुठे आहे, ते या बाटलीत दिसतं.

कण पाण्यात किती वेगानं खाली जातो, याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला. कण दहापट लहान झाला, की तो शंभरपट सावकाश बुडतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कणाला तीन तास लागतात. आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला? जवळजवळ तेरा दिवस, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर! पावसाची सर काही तेरा दिवस थांबत नाही.

मग टाकी खोल बांधू, असं कुणालाही वाटेल. पण खोल टाकीत पाणी जास्त वेळ थांबलं, तरी कणाला अंतरही तेवढंच जास्त कापावं लागतं. महत्त्व खोलीला नाही, टाकीच्या पसाऱ्याला आहे, हे अ‍ॅलन हेझन यांनी १९०४ मध्येच दाखवून दिलं. शहरात एवढा पसारा आणायचा कुठून? म्हणून टाकीत तिरप्या पट्ट्या जवळजवळ बसवतात. कणाला मग तळापर्यंत नव्हे, खालच्या पट्टीपर्यंतच पोचायचं असतं. आपल्याकडे आणखी एक सोय आहे, ती हवामानाची. तीस अंशांच्या पाण्यात कण पाच अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगानं बसतो. थंड देशांतल्या अभियंत्यांनी हेवा करावा अशी ही गोष्ट.

एवढी बारीक धूळ ती असणार कितीशी, द्या सोडून, असं तुम्ही म्हणाल. सार्टर आणि बॉइड या अमेरिकी संशोधकांनी १९७२ मध्ये तिथल्या अनेक शहरांतल्या रस्त्यांवरची धूळ चाळून पाहिली. ४३ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक धूळ वजनानं जेमतेम सहा टक्के भरली. पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक त्या सहा टक्क्यांत होते! टायरमधलं जस्त, ब्रेकमधलं तांबं चिकटायला पृष्ठभाग लागतो आणि वजनाच्या मानानं तो बारीक कणांकडेच जास्त असतो. त्या काळची झाडूयंत्रं ही बारीक धूळ बहुतेक सगळी रस्त्यावरच ठेवून जात.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याचा घरगुती उपाय इथेही चालतो. बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीनं हा भार निवतो, कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या लवकर बसतात. फ्लॉरिडातल्या टॅलाहासी शहरात लेक एला नावाच्या तळ्यात येणाऱ्या पावसाच्या पाण्यावर १९८० च्या दशकात हाच उपाय योजला गेला. मात्र तळाशी जमलेल्या त्या गुठळ्यांची विल्हेवाट लावण्याचं नवं काम मागे लागतं.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते, किती टन गाळ काढला त्याचे आकडे छापून येतात. पाणी तुंबू नये म्हणून तो गाळ काढायलाच हवा. पण टनांत भरतो तो मुख्यतः भरड माल; नदीत किती जस्त, किती तांबं गेलं, ते त्या आकड्यांतून कळत नाही. मला विचाराल, तर गर्दीच्या रस्त्यांवरची धूळ मे महिन्यातच, कोरडी असताना, ओढून घेणाऱ्या यंत्रानं उचलावी. नुसता ब्रश फिरवणारं यंत्र नको. त्यानं बारीक धूळ उडते आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथेच येऊन बसते.