डिस्क साफ केली, तरी संगणक मंदच का?

संगणक रेंगाळू लागला की पहिला सल्ला मिळतो तो नको असलेल्या फायली पुसण्याचा. श्रोतेहो, सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते. 7200 च्या डिस्कलाही एका फेरीला सुमारे 8 मिलिसेकंद लागतात. वाचणारे टोक जागेवर सरकायला लागतो तो वेळ वेगळाच. एकच फाइल शंभर तुकड्यांत विखुरलेली असेल, तर हा खोळंबा पुन्हा पुन्हा होतो. डिस्क गच्च भरली की नव्या फायलीला सलग जागा मिळत नाही आणि तुकडे वाढतात. फायली पुसून मोकळी जागा मिळते, पण आधी झालेले तुकडे जुळत नाहीत. त्यासाठी डीफ्रॅगमेंट करावे लागते, तेही जागा मोकळी केल्यावर.

कुणी म्हणेल, विंडोज हे आपोआप करतेच की! करते, पण संगणक चालू असून त्यावर काम सुरू नसेल तेव्हा. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र फिरती तबकडीच नाही. तिथे तुकडे जुळवून वेग फारसा वाढत नाही, उलट लिहिण्याची मर्यादित क्षमता खर्ची पडते. एसएसडीला ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा आता वापरात नाही हे कळवणारी आज्ञा, पुरते. आणि हार्ड डिस्कमधून खडखड ऐकू येत असेल, तर आवराआवर राहू द्या, आधी फायलींची प्रत दुसरीकडे काढा. बिघडू लागलेल्या डिस्कला डीफ्रॅगमेंटचा ताण सोसेलच असे नाही.