नवजात बालकाच्या मालिशीसाठी तेलाची निवड



शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात बाळ जन्मले की घरातील जाणती आजी तेलाची वाटी कोमट करते. ही प्रथा टाकून देण्याजोगी नाही. मात्र वाटीत कोणते तेल असावे, याचा विचार अगत्याचा आहे.

नवजात बालकाची, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकाची, त्वचा नाजूक असते. तिच्यातून ओलावा निघून जातो आणि रोगजंतूंना वाट मिळते. ढाका येथील रुग्णालयात अशा बालकांना सूर्यफुलाचे तेल लावले असता जंतुसंसर्गाचा धोका ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात खोबरेलाच्या मालिशीने बालकांचे वजन अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. मोहरीच्या तेलाने मात्र त्वचेचा दाह होऊ शकतो.

म्हणून शुद्ध, सुगंधविरहित खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल निवडावे. हात धुऊन, उबदार खोलीत, हलक्या हाताने ते लावावे. नाक, कान, डोळे व नाळ यांना तेल लावू नये. पुरळ उठल्यास मालिश थांबवावी. कमी वजनाच्या बालकास वैद्यकीय सल्ल्यावाचून मालिश करू नये.

आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत गृहभेटी देते. त्या वेळी आजीलाही आवर्जून जवळ बसवावे. कारण बाळाला तेल तिच्याच हातून लागते. पंचायत सदस्य व शिक्षकांनी ही माहिती ग्रामसभेत सांगितल्यास ती घरोघरी पोहोचेल.