वाचनाचा तास आणि शाळेची जबाबदारी

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली आणि रस्ते, रेल्वे, बाजार यांबरोबर शाळांचे भूखंडही नकाशावर आले. परंतु ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांच्या वस्त्या बव्हंशी नकाशाबाहेरच वाढल्या. तुर्भे स्टोअर, दिघा, इलठणपाडा येथील मुलाचे नाव आज शाळेच्या पटावर असते. तेव्हा प्रश्न आता पटाचा राहिलेला नाही, वाचनाचा आहे.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी अवघी २३.४ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात. हा आकडा शहराला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दुखण्याचे स्वरूप एकच आहे. पाठ्यपुस्तक दरवर्षी पुढे जाते आणि काना-मात्रा-वेलांटीशी अडलेले मूल मागे राहते. सुस्थित घर ही तूट शिकवणी लावून भरून काढते. बाजारात ओझी वाहणाऱ्याच्या, नाक्यावर काम शोधणाऱ्याच्या घरी ना तो पैसा असतो, ना तो वेळ. अनेकदा घरची भाषाही शाळेची नसते. म्हणजे जे ज्ञान शाळेने विनामूल्य द्यावयाचे, ते प्रत्यक्षात विकत घ्यावे लागते.

अशा वेळी स्वयंसेवकाने रोज तासभर मुलांना वाचायला शिकवावे, ही कल्पना स्वाभाविक आहे, आणि तिला अनुभवाचा आधारही आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणी, अल्प मानधनावर, मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातच रोज सुमारे दोन तास शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २००१ पासून मुंबई व बडोदा येथे त्याची पद्धतशीर तपासणी केली. सर्वांत मागे असलेल्या मुलांचा लाभ सर्वांत अधिक होता. मात्र हे साह्य थांबल्यावर वर्षभरात त्यातील बराच भाग ओसरला.

उत्तर प्रदेशातील जौनपूरचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे गावोगावच्या स्वयंसेवकांनी विनावेतन वाचनवर्ग चालवले. जी मुले आली ती वाचू लागली. परंतु वाचता न येणाऱ्या मुलांपैकी सुमारे १३ टक्केच वर्गाला आली. उरलेल्यांपर्यंत स्वयंसेवा पोहोचलीच नाही. उलट हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या वेळापत्रकातच एक तास राखून, मुलांचे इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट पाडून शिक्षकांनीच शिकवले, तेव्हा वाचन सुधारले.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. मूल कसे वाचू लागते, हे स्वयंसेवक दाखवून देऊ शकतो; प्रत्येक मूल वाचू लागेल, याची हमी केवळ शाळाच देऊ शकते. स्वयंसेवेच्या नावाखाली शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणे ही काटकसर नव्हे. तो खर्च गरिबाच्या मुलावर लादणे होय. पण शासनाची जबाबदारी आहे म्हणून कार्यकर्त्याने हात बांधून बसावे, हेही तितकेच असमर्थनीय आहे. शासन हलेपर्यंत तिसरीतले मूल सातवीत गेलेले असते.

म्हणून काम दुहेरी हवे. वस्तीत, पालक कामावरून परतण्याच्या वेळेला जुळेल असा तास ठरवावा. अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट अशा क्रमाने प्रत्येक मुलाची पातळी पाहून गट करावेत. बाराखडीचा तक्ता आणि छोटी गोष्ट एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. जे मूल येत नाही, त्याच्या दारी जावे. कारण खरी कसोटी त्याच्यापाशीच आहे.

आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीची नोंद शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या स्त्रियांना दिल्या आहेत. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिने समितीच्या बैठकीत उभे राहून वेळापत्रकात वाचनाचा तास मागितला, तर त्या मागणीला कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक वजन येईल. तो तास शाळेत सुरू झाला की वस्तीतील वर्ग बंद पडला तरी खेद नसावा. त्यासाठीच तो सुरू करावयाचा आहे.