ताळेबंद दाखवायची स्पर्धा



रांगोळी, पाककला, वक्तृत्व या स्पर्धा आपण भरवतोच. यंदा मुलांनी नवी सुचवली आहे : सोसायटीचा ताळेबंद संगणकावर चित्ररूपाने दाखवण्याची. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावात. प्रोग्राम लिहिणारी पोरे शोधावी लागणार नाहीत. शोधावे लागतील ते आकडे.

अमेरिकेत ‘एक्सबीआरएल यूएस’ने अशी स्पर्धा घेतली. २०१२ मध्ये २०,००० डॉलरचे बक्षीस ‘कॅल्कबेंच’ला मिळाले. ती जमली, कारण तिथल्या कंपन्यांचे हिशेब संगणकाला वाचता येतील अशा रूपात आधीच खुले होते. आपल्याकडेही मोठ्या कंपन्या २०११ पासून तसे हिशेब सरकारला देतात. सोसायटीचा अहवाल मात्र छापील पुस्तिकेत! म्हणून तीन-चार सोसायट्यांचे पाच वर्षांचे आकडे आधी एका तक्त्यात भरावेत, चिटणीसांकडून तपासून घ्यावेत. खातेदारांची नावे त्यात अजिबात नकोत.

आता परीक्षण. समजा, ठेवी १०० कोटींवरून १०४ कोटींवर गेल्या. आलेखातले खांब शून्याऐवजी ९९ पासून उभे केले, तर दुसरा पहिल्याच्या पाचपट उंच दिसतो. चित्र देखणे, ठेवीदार फसला! त्याला गुण शून्य. आणि कर्जाशेजारी थकबाकी दाखवलीच पाहिजे.

परीक्षकांत एक सीए असावा. दुसरी खुर्ची मात्र निपाणीच्या बाजारात बसून रोज पिग्मी भरणाऱ्या एखाद्या मावशींना द्या. शीर्षके मराठीत आणि कन्नडमध्ये. थकबाकी वाढली की घटली, हे मावशींना चित्र बघून सांगता आले, तरच बक्षीस.