रिपोर्टातला आकडा आणि दिवस राहणं

भोर-वेल्ह्याकडची कितीतरी जोडपी मूल व्हावं म्हणून पहाटेच्या एसटीनं पुणं गाठतात. परतताना हातात रक्ताचे रिपोर्ट असतात आणि मनात धास्ती, ‘आकडा कमी आलाय.’ त्या आकड्यांविषयीच आज बोलू.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांमुळे ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आज हे उपचार पुण्यात सर्रास होतात, पण रिपोर्ट समजावून सांगणारं माणूस दरवेळी भेटतंच असं नाही.

पहिला आकडा ‘एएमएच’चा. स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा तो अंदाज देतो आणि बीजं वाढवण्याच्या इंजेक्शनांचा डोस ठरवायला उपयोगी पडतो. बीजं किती चांगली आहेत, हे त्यातून कळत नाही. ते बरंचसं वयावर ठरतं. म्हणून एएमएच कमी आलं तरी मूल होणारच नाही, असं समजू नका.

पुढे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर प्रोजेस्टेरॉनचं औषध तिथलं अस्तर टिकवतं. थोडा डाग लागला तरी ते औषध आपल्या मनानं थांबवू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

मग साधारण दोन आठवड्यांनी दुसरा आकडा, दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या ‘बीटा एचसीजी’ या रक्ततपासणीचा. त्याआधी घरी पट्टीवर तपासू नका. बीजं पक्व व्हायला एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल, तर त्याच्याच अंशामुळे दोन रेघा उमटू शकतात. सुरुवातीला हा आकडा दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो. म्हणून एका रिपोर्टावर हुरळू नका, खचूही नका. दुसऱ्यांदा रक्त त्याच लॅबमध्ये द्या, कारण लॅब बदलली की आकडाही थोडा बदलतो. गर्भ नीट जागी आहे का, हे सोनोग्राफीतच दिसतं. मधल्या काळात पोटात जोराची कळ आली, चक्कर आली, तर गर्भ नळीत रुजलेला असू शकतो. डोंगरातल्या वाडीवर असलात तरी उजाडायची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, सगळे रिपोर्ट सुनेच्याच नावाचे का? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. त्याची वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे. ती पहिल्याच फेरीत करून घ्या. सुनेला बोल लावून कुठलंच संप्रेरक वाढत नाही.