एरंडाच्या पानावरची नागमोडी रेघ

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



संपता न संपणाऱ्या कंटाळवाण्या बोलण्याला आपल्याकडे ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणतात. आज मी खरोखरच एरंडाविषयी बोलणार आहे, तेव्हा धोका मोठा आहे. पण वेळ ठरलेली आहे, त्यामुळे तुमची सुटका नक्की.

आमचं गाव कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमला जाताना लागतं. इकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. शिवारात सोयाबीन, तूर, हळद, कपाशी. एरंड मुद्दाम पेरणारे थोडे. तो असतो बांधावर किंवा गोठ्यामागे. कुणी त्याची निगा राखत नाही आणि तोही कुणाकडे काही मागत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. खेड्यात विज्ञानाच्या मास्तरला माणसांच्या तापापासून पिकावरच्या किडीपर्यंत सगळं विचारतात, आणि ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची त्याला लाज वाटते. मलाही वाटली. त्याची ही गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी शेजारचा एक तरुण शेतकरी मला शेतावर घेऊन गेला. सोयाबीनची रोपं मधूनमधून माना टाकत होती. बांधावर त्याच्या आजीनं वाढवलेले दहा-बारा एरंड होते. त्यांच्या पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघाच रेघा, जणू लहान मुलानं खडूनं गिरवलेल्या. मी पान उन्हाकडे धरलं. रेघेच्या टोकाला पिवळसर इवलीशी अळी दिसली. माझी छाती फुगली. मी निकाल दिला, “ही नागअळी. एरंडावर वाढते आणि तिथून सोयाबीनमध्ये उतरते. आधी एरंड काढ, मग फवारणी कर.”

दुसऱ्या दिवशी एरंड आडवे झाले. फवारणी झाली. सोयाबीन मात्र वाळतच राहिलं.

आठवड्यानं मी एक वाळलेलं रोप उपटलं आणि ब्लेडनं खोड उभं चिरलं. आत तांबूस रंगाचा बोगदा आणि त्यात एक अळी. ही खोडमाशी, शास्त्रीय नाव मेलानाग्रोमायझा सोजे. तिची माशी काळी, चकचकीत. ती पानात अंडं घालते, अळी देठातून खोडात शिरते आणि आतला गाभा खाते. ही शेंगवर्गीय पिकांची कीड आहे. एरंडाशी तिचं काही देणंघेणं नाही. एरंडावरची माशी आणि ही माशी एकाच कुळातल्या, ॲग्रोमायझिडी कुळातल्या. पण एकाच आडनावाची दोन माणसं असावीत, तसं. एकानं उधारी बुडवली म्हणून दुसऱ्याच्या घरावर जप्ती नेत नाहीत. मी नेमकं तेच केलं होतं.

त्या एरंडांच्या बिया आजी दरवर्षी गोळा करायची. थोड्या विकायची, उरलेल्यांचं घरी तेल काढायची. तिनं मला रस्त्यात गाठलं आणि एवढंच विचारलं, “गुरुजी, माझ्या एरंडानं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?”

त्यानंतर मी या माशांच्या मागे लागलो.

या कुळात जगभरात तीन हजारांच्या आसपास जाती आहेत. बहुतेक दोन-तीन मिलिमीटरच्या. मादी पानाला टोचून आत अंडं घालते. अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधला हिरवा गर खात पुढे सरकते. ती वाढते तशी वाट रुंद होत जाते, म्हणून रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कुणालाही सांगता येईल. पानावर बारीक पांढरे ठिपकेही दिसतात. तिथे मादीनं टोचून रस चाखलेला असतो. नराला टोचता येत नाही. तो मादीनं पाडलेल्या भोकांवरच पोट भरतो.

रेघ अशी बरंच काही सांगते, पण तिच्यावरून नाव ठरवणं धाडसाचं आहे. पहिला घोटाळा माशी आणि पतंगाचा. लिंबा-संत्र्याच्या पानावरच्या नागमोडी रेघेलाही आपण नागअळीच म्हणतो, पण ती एका चिमुकल्या पतंगाची अळी आहे. टोमॅटोवर 2014 मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टुटा हीसुद्धा पतंगाचीच. भिंगातून पाहा: पतंगाच्या अळीला वेगळं उठून दिसणारं डोकं असतं. माशीच्या अळीला ना डोकं ना पाय. पुढच्या टोकाला काळे आकडे तेवढे दिसतात.

दुसरी खूण कोषाची. वाटाण्यावरच्या एका माशीचा कोष पानातच राहतो. एरंडावरची अळी मात्र पान कापून बाहेर पडते आणि बहुधा मातीत पडून कोष करते. त्यामुळे रिकामी रेघ पाहून फवारणी करणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणं. आमच्याकडे हे फार चालतं.

आता या माशीचं नाव. लिरिओमायझा ट्रायफोलाय. ट्रायफोलियम म्हणजे क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं गवतासारखं झाड. बर्जेस यांनी 1880 मध्ये अमेरिकेत तिला नाव दिलं ते त्या झाडावरून. म्हणजे नाव क्लोव्हरचं आणि भारतात तिची नोंद झाली ती 1990-91 च्या सुमारास, हैदराबादकडे, एरंडावर. मूळची अमेरिकेची ही माशी शेवंतीच्या कलमांबरोबर देशोदेशी पसरली. इथे आल्यावर तिनं टोमॅटो, वाल, काकडीवर्गीय वेल, कपाशी, काही सोडलं नाही.

इथेच ओळखीची खरी अडचण आहे. या कुळातल्या बहुतेक माश्या एखाद्याच वनस्पतीकुळाला धरून राहतात. ब्रिटिश अभ्यासक केनेथ स्पेन्सर यांनी आयुष्यभर या माशांचा अभ्यास केला आणि कुठली माशी कुठल्या झाडावर याचा मोठा ग्रंथ 1990 मध्ये काढला. अशा माशांच्या बाबतीत झाड ओळखलं की निम्मं काम झालं. एरंडाचं कुळ मोठं आहे. शेतातली दुधी, कुंपणाचा शेर, मोगली एरंड, बागेतलं लाल पानांचं पॉइन्सेटिया, सगळे त्याचे भाऊबंद. एरंडाला दुधीसारखा पांढरा चीक नाही, पण तीन कप्प्यांचं फळ पाहिलं की नातं पटतं. युरोपात दुधीच्या जातभाईंवरच पोसणारी लिरिओमायझा पास्क्युअम नावाची माशी आहे. पण ट्रायफोलायसारखी सर्वभक्षी माशी आली की झाडावरून नाव काढण्याचा हिशेब चुकतो. एरंडावर दिसली म्हणून ती एरंडाची ठरत नाही.

मग करायचं काय? माशी बाहेर येऊ द्यायची. रेघेत जिवंत अळी असलेली पानं तोडा, काचेच्या बरणीत ठेवा, तळाशी थोडी कोरडी वाळू पसरा, तोंडाला तलम फडकं बांधा. बरणीत पाण्याचे थेंब साचू देऊ नका, नाहीतर बुरशी येते. माझ्या पहिल्या दोन बरण्या अशाच वाया गेल्या. दोन-चार दिवसांत वाळूवर तांदळाच्या कणीपेक्षा लहान, सोनेरी-तपकिरी कोष दिसतात. पुढे आठ-दहा दिवसांत माशी. पिवळं डोकं, पाठ राखी-काळी आणि निस्तेज, मागे पिवळा ठिपका. याच गटातल्या दुसऱ्या एका माशीची पाठ चकचकीत काळी असते. तरी रंगावर भिस्त ठेवू नये. खात्रीसाठी नर लागतो. त्याच्या पोटाचं टोक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आतल्या जननेंद्रियाची घडण जातीगणिक वेगळी असते. हे काम घरचं नाही. माश्या अल्कोहोलमध्ये घालून झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह अभ्यासकाकडे द्याव्यात. चिठ्ठी नसेल तर नमुन्याची किंमत शून्य.

बरणीत मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. सगळीकडून माश्याच निघाल्या नाहीत. काही पानांतून हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या, मुंगीहून बारीक गांधीलमाश्या निघाल्या. या आपल्या बाजूच्या. त्यांची मादी रेघेतल्या अळीला डंख मारून तिच्यापाशी अंडं घालते आणि तिची पिल्लं त्या अळीवर वाढतात. पान उन्हाकडे धरल्यावर रेघेत निपचित काळी पडलेली अळी दिसली, तर समजा की यांचं काम चालू आहे. आपण घाईनं औषध मारतो तेव्हा नागअळी पापुद्र्याआड पुष्कळदा बचावते आणि उघड्यावर फिरणाऱ्या या गांधीलमाश्या मरतात. फवारणी वाढली आणि नागअळीही वाढली, असा अनुभव जगात अनेक ठिकाणी आलेला आहे. शिवाय या माशीत औषधं पचवण्याची ताकद लवकर येते.

एरंड हे मुख्य पीक असेल तर वाणाचाही विचार करता येतो. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेत जांभळट एरंडाच्या काही वाणांवर या अळीचा उपद्रव कमी आढळला आहे. आमच्या बांधावरच्या झाडांना मात्र एवढी काळजी लागत नाही. मोठ्या झाडाच्या खालच्या पानांवर दहा रेघा उमटल्या, तर झाडाचं फारसं बिघडत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी बियाणं मिळवून त्या आजीकडे गेलो. तिनं स्वतःच्या हातानं बांधावर बिया टोकल्या. मला हात लावू दिला नाही. भाद्रपदात झाडं कमरेएवढी झाली आणि खालच्या पानांवर पुन्हा रेघा उमटल्या. नातू धावत माझ्याकडे आला, “गुरुजी, काय मारू?”

मी म्हटलं, “काही नको. चार पानं तोड आणि घरात रिकामी बरणी असेल तर आण.”

लोणच्याची बरणी द्यायला आजीनं साफ नकार दिला. शेवटी आमच्याच घरातली आणली.