हे कुठल्या खंडात आहे?

(कल्याण येथील विद्यार्थी शिबिरातील व्याख्यान)



गेल्या वर्षी जयंतीच्या फलकावर आम्ही बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य लिहिले. कॉलेजातल्या एका मुलीने विचारले, "काका, हे कुठल्या खंडात आहे?" आम्ही तीन रविवार खंड चाळले. वाक्य सापडले नाही. फलक उतरवला. बँकेत आम्ही व्हाउचरशिवाय रुपयाचीही नोंद करत नाही, आणि बाबासाहेबांच्या नावावर मात्र खुशाल काहीही जमा करतो!

बाबासाहेब स्वतः कसे लिहीत ते पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या ते नावानिशी देतात. केतकरांची तर वाखाणणीही करतात आणि मग त्यांचा गोंधळ दाखवतात. जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व ही केतकरांनी दोन लक्षणे धरली. बाबासाहेबांच्या मते ती एकाच गोष्टीची दोन अंगे. मत कुणाचे आणि लेखक कुठे वेगळा झाला, हे वाचणाऱ्याला जागच्या जागी कळते.

तुमच्या शोधनिबंधातही तसेच करा. दुसऱ्याचे मत आले की वाक्यातच नाव, कंसात सन आणि पान. हा निबंध शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडातून घेतला असेल तर पान त्या खंडाचे द्या, पण १९१६ हे सालही लिहा. नाहीतर बाबासाहेबांनी तो १९७९ मध्ये लिहिला असे दिसेल. केतकरांचे मूळ पुस्तक पाहिले नसेल तर 'आंबेडकरांनी दिल्याप्रमाणे' असे सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. न पाहिलेले पुस्तक पाहिल्याचे भासवणे ही मात्र मुसावादाचीच जात.

कुणी म्हणेल, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आधार कुठे दिले होते? खरे आहे. १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, तो तसाच प्रसिद्ध झाला. पुढे हिंदी अनुवाद करताना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी पालि आधार कष्टाने शोधले. तुमच्या निबंधासाठी कौसल्यायन येणार नाहीत!

महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेश आहेत. खुद्द भगवंतांच्या मुखातून ऐकले असे कुणी सांगितले, तरी ते लगेच स्वीकारायचे नाही, लगेच धुडकावायचेही नाही. सुत्त आणि विनयाशी ताडून पाहायचे. त्या मुलीने वेगळे काय केले?

यंदाचा फलक तिच्याकडेच दिला आहे. खाली खंड आणि पान असेल.

जयभीम.